गणपतीचे दहा दिवस की चौदा? साथीच्या गणिताची मागची गोष्ट

२०२० च्या कोरोनातल्या गणपतीला मुंबईहून गावी जाणाऱ्यांनी दहा दिवस कोंडून घ्यायचं की चौदा, या विषयावर कोकणात आजही दोन पार्ट्या पडतात. पण साथी मोजायचं जे गणित तेव्हा सगळीकडे ऐकू यायचं, ते मुळात मुंबईच्याच प्लेगवर घासून पाहिलेलं आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत प्लेग सापडला, लाखो माणसं मुंबई सोडून पळाली, त्यात रत्नागिरीकडचे गिरणी कामगार बोटी भरभरून. पुढच्या वर्षी साथरोग कायदा आला (मार्च २०२० मध्ये राज्याने काढला तो हाच). प्लेग मात्र दरवर्षी यायचाच. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ मधले मुंबई बेटावरचे दर आठवड्याचे मृत्यू स्कॉटलंडच्या दोघांनी १९२७ साली आपल्या समीकरणाला लावून दाखवले, आणि ते असे चपखल बसले की आलेख अजून पुस्तकांत छापतात. त्यातला एक हिंदुस्थानात सरकारी डॉक्टर होता. गंमत म्हणजे त्यांचं समीकरण माणसाकडून माणसाला होणाऱ्या रोगाचं, आणि मुंबईतला प्लेग उंदीर-पिसवांचा, वर ऋतू बदलला की आपोआप ओसरणारा. म्हणजे वक्र जुळला म्हणून कारण सापडलं असं नाही. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात २०१६ ला माकडताप आला तेव्हाही माणसं मोजून भागणार नव्हतं, काजूच्या बागेतली गोचीड आणि मेलेली माकडं धरावी लागतात.

मधली शंभर वर्षं सोडून देतो, तीन डब्यांचं मॉडेल (लागण होऊ शकणारे, बाधित आणि त्यातून सुटलेले) आणि 'आर' (एक बाधित किती जणांना लागण देतो तो आकडा) सगळ्यांना लॉकडाऊनमध्ये पाठ झालंय. थेट मुद्द्यावर येऊ.

चौदा दिवस कुठून आले? २०२० च्या सुरुवातीच्या अभ्यासात लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण ५ दिवस लागतात असं निघालं, आणि ज्यांना दिसतात त्यातल्या ९७.५ टक्क्यांना साडेअकरा दिवसांच्या आत दिसतात. उरलेल्या थोड्यांना त्याहून उशीर लागतो, म्हणजे शेपूट लांब आहे, ती कुठे छाटायची एवढाच प्रश्न, आणि ते काही गणित सांगत नाही, ते माणसं ठरवतात. सिंधुदुर्गात गावकऱ्यांचं म्हणणं होतं की ७ ऑगस्टपर्यंत या आणि १४ दिवस राहा. सरकारने ऑगस्टच्या सुरुवातीला जाहीर केलं की १२ तारखेपर्यंत पोचा, १० दिवस घरी विलगीकरण, त्यानंतर येणार असाल तर टेस्ट. चतुर्थी २२ ला. २२ मधून १२ वजा केले की किती उरतात ते बघा, विषाणूपेक्षा पंचांगच जास्त बोलतंय असं मला तेव्हाही वाटलं होतं.

पण १० ला शिव्या घालणाऱ्यांनीही नीट हिशोब करावा. समजा हजार चाकरमानी आले, त्यात दहा जण बाधित, तर दहाव्या दिवसानंतर लक्षणं येणारा त्यात एखादासुद्धा निघेलच असं नाही, शिवाय लागण काही कशेडी घाटात चेकपोस्टवर झालेली नसते, आधीच काही दिवस गेलेले असतात. खरी गळती दुसरीकडे होती. ज्यांना लक्षणंच नाहीत ते, आणि ज्या घरात एकच संडास, एकच मोरी, म्हातारी आई ताट घेऊन पुतण्याच्या हाती पाठवतेय, तिथे 'घरी विलगीकरण' म्हणजे काय? मॉडेलमध्ये ते एक टक्केवारीचं खोकं असतं, किती लोक नियम पाळतील त्याचं, आणि तिथे कोणी काहीही भरावं. १४ आणि १० च्या भांडणात त्या खोक्याकडे कोणी पाहिलंच नाही. गावकऱ्यांची भीती मात्र खोटी नव्हती हे मी आजही म्हणेन, कारण तेव्हा वाडीतून ऑक्सिजनपर्यंत पोचायला काय करावं लागायचं ते त्यांनाच ठाऊक.

मार्च २०२० मधला लंडनच्या एका मॉडेलचा अंदाज गाजला होता, ब्रिटनमध्ये ५ लाखांवर मृत्यू, पण त्याच्या आधीचं 'काहीच केलं नाही तर' बातमीत गळून पडलं. आपल्याकडे उलट झालं. ऑक्टोबर २०२० ला केंद्राच्या समितीने सांगितलं की शिखर सप्टेंबरात होऊन गेलं, काळजी घेतली तर फेब्रुवारीपर्यंत साथ आटोपेल. एप्रिलमध्ये दुसरी लाट छाताडावर बसली, कारण नवा व्हेरियंट काही जुन्या आकड्यांत नव्हता. आणि ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याने निर्बंध सैल केले तेव्हा जे ११ जिल्हे वगळले त्यात रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग तिन्ही होते, आणि गणपती तेव्हा महिनाभरावर आले होते.