पार्श्वभूमी : सामाजिक सिनेमा आणि सोलापूरकरांचे प्रश्न

सामाजिक विषयावरचा नवा चित्रपट घेऊन दिग्दर्शक मंडळी सोलापुरात जाहीर संवादाला बसली, की लेन्स आणि एडिटिंगवरचे प्रश्न फार वेळ टिकत नाहीत. गाव कुठलं, पाटील कोण, कारखाना कुणाचा, यावर गाडी लवकर येते. पुण्यामुंबईच्या पाहुण्याला हे भाबडं वाटत असेल. पण या जिल्ह्यानं असा सिनेमा नुसता तिकीट काढून पाहिलेला नाही, त्याला माणसं पुरवली आहेत.

सुरुवात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांपासून करता येईल. १९१० साली सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला आणि १९४२ मध्ये तिथंच वारला. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्याच्यावर चित्रपट काढला, कोटणीसांची भूमिकाही स्वतःच केली. माणूस सोलापूरचा, पण गोष्ट मुख्यतः चीनमधली. इथला पेठ-गल्लीतला संसार त्यात कितीसा येणार?

जिल्ह्याच्या राजकारणाची खरी ओळख पटली ती ‘सामना’त. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल पंढरपूरचे, शिक्षण सोलापुरात. पटकथा विजय तेंडुलकरांची. १९७५ साली हा चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता, पण त्याचं मोल इथं वेगळंच ठरलं. साखर कारखान्याच्या जोरावर अख्खं गाव मुठीत ठेवणारा हिंदुराव धोंडे पाटील निळू फुल्यांनी असा उभा केला, की उसाच्या पट्ट्यातल्या प्रेक्षकाला तो नट वाटेना. समोर श्रीराम लागूंचा दारुडा मास्तर, आणि गावातून नाहीशा झालेल्या माणसाबद्दल त्याचा एकच हट्टी सवाल : मारुती कांबळेचं काय झालं? संवादाच्या कार्यक्रमात सोलापूरकर जे विचारतात, ते मला याच सवालाच्या जातकुळीतलं वाटतं.

पुढचा टप्पा करमाळा तालुक्यातला. जेऊरच्या नागराज मंजुळे यांच्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मग ‘फँड्री’ आला. त्यातला नायक, शाळकरी जब्या, म्हणजे केमचा सोमनाथ अवघडे, हलगी वाजवणारा पोरगा. डुकरामागं धावणारं जब्याचं कुटुंब शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच जागच्या जागी थांबतं, आणि डुक्करही निसटतं. पुढं तेच डुक्कर बांबूला टांगून शाळेच्या भिंतीवरच्या आंबेडकर-सावित्रीबाईंच्या चित्रांसमोरून नेलं जातं. संवाद एकही नाही. सभागृहात त्यावर बोलायला उठलेला माणूस बहुधा सिनेमावर कमी आणि स्वतःच्या शाळेवर जास्त बोलतो.

२०१६ च्या ‘सैराट’नं तर कमाईचे आधीचे मराठी विक्रम मोडले. अकलूजची रिंकू राजगुरू ट्रॅक्टर आणि बुलेट चालवत पडद्यावर आली. तिच्या आर्चीचा बाप पुन्हा गावावर वचक असलेला राजकारणीच. ‘सामना’नंतर चाळीस वर्षं गेली, पाटलाचा दरारा तसाच.

तरी एक बाकी राहते. करमाळा आणि अकलूजची माणसं पडद्यावर आली. शहराचा पूर्व भाग, म्हणजे यंत्रमागाचा खडखडाट, तेलुगू बोलणारी पद्मशाली घरं, दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायका, हे मराठी सिनेमात त्या मानानं फार कमी दिसतं. तेव्हा पुढच्या संवादाला येणाऱ्या दिग्दर्शकानं एवढी तयारी ठेवावी, की आमच्याकडे कॅमेरा कधी आणता, असं पूर्व भागातून कुणीतरी विचारणार.