टॅरिफच्या बातमीवर विकणारे आणि विकत घेणारे

३ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेचा एस अँड पी ५०० हा पाचशे बड्या कंपन्यांच्या शेअरचा निर्देशांक ४.८ टक्क्यांनी कोसळला. आदल्या संध्याकाळी डोनाल्ड ट्रम्प यांनी व्हाइट हाउसच्या रोझ गार्डनमध्ये एक भलामोठा तक्ता उंचावून दाखवला होता. त्यावर देशांची नावं आणि त्यांच्या मालावर लागणारं आयातशुल्क, म्हणजे टॅरिफ, होतं: चीन ३४ टक्के, व्हिएतनाम ४६ टक्के, आणि कोणालाही किमान १० टक्के. जिथे माणूस राहत नाही, फक्त पेंग्विन राहतात, ती हर्ड आणि मॅकडोनाल्ड बेटंसुद्धा यादीतून सुटली नाहीत. बाजार उघडला तो थेट खाली. आणि त्याच दिवशी, जेपी मॉर्गनच्या विश्लेषकांच्या हिशेबानुसार, छोट्या गुंतवणूकदारांनी निव्वळ ४.७ अब्ज डॉलरचे शेअर घेतले. दहा वर्षांत एका दिवसात इतकी खरेदी त्यांनी कधी केली नव्हती.

सामान्य माणूस घाबरतो, तळाला विकतो आणि शिखरावर घेतो, असं बाजारात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. मग या वेळी काय झालं? माणसं शहाणी झाली, हे उत्तर मला पटत नाही. शुल्क लावण्याचा अधिकार कोणाकडे आहे आणि सामान्य माणसाचा पैसा बाजारात कोणत्या वाटेने जातो, या दोन गोष्टी शंभर वर्षांत पार बदलल्या. त्याचं वागणं त्यांच्या मागोमाग बदलत गेलं.

सुरुवात १९२९-३० पासून करावी लागते, कारण टॅरिफ आणि बाजार यांची जोडी लोकांच्या डोक्यात तिथेच बसली. त्या काळी शेअर घेणारे लोक थोडे होते. नंतरच्या सिनेट चौकशीतल्या आकड्यांप्रमाणे, सुमारे १२ कोटींच्या देशात दलालांकडे खाती असलेले ग्राहक साधारण १५ लाख होते. त्यातले सहा लाख मार्जिनवर, म्हणजे थोडी रक्कम स्वतःची आणि बाकी दलालाकडून उसनी घेऊन व्यवहार करणारे. भाव खाली आला की दलाल आणखी पैसे मागायचा. ते नाही भरले तर शेअर परस्पर विकून मोकळा. त्यामुळे त्या काळच्या ‘घाबरून केलेल्या विक्री’त घाबरण्याचा भाग किती आणि नाइलाजाचा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे.

२४ ऑक्टोबर १९२९ चा गुरुवार घ्या. त्या दिवशी जवळपास १.२९ कोटी शेअरची उलाढाल झाली. भाव छापणाऱ्या टिकर यंत्राला हा वेग झेपेना. कागदाची पट्टी खडखडत बाहेर पडत होती, पण तिच्यावरचे भाव तासा-दोन तासांपूर्वीचे. बाजार बंद झाल्यावरही ती संध्याकाळी सातनंतरपर्यंत चालूच होती. दलालाच्या पेढीत पट्टीकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला आपण आत्ता तरलो आहोत की बुडालो आहोत, हेच कळत नव्हतं. अशा वेळी ‘मिळेल त्या भावाला विका’ म्हणणाऱ्याला अविचारी म्हणणं आज सोपं आहे.

टॅरिफचं विधेयक याच काळात अमेरिकन काँग्रेसमध्ये घोळत होतं. युटाचे सिनेटर रीड स्मूट आणि ओरेगनचे प्रतिनिधी विलिस हॉली यांच्या नावाने ते ओळखलं जातं. मे १९२९ मध्ये ते खालच्या सभागृहात मंजूर झालं, आणि त्यानंतर वर्षभर सिनेटमध्ये त्याची ओढाताण चालली. माझ्या भागातल्या मालावर शुल्क लाव, तुझ्या भागातल्या मालाला मी मत देतो, असा तो बाजार होता. १,०२८ अर्थतज्ज्ञांनी विरोधाचं निवेदन काढलं. अखेर १३ जून १९३० रोजी सिनेटने ४४ विरुद्ध ४२ मतांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. आपण सही करणार, असं राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी जाहीर केल्यावर सोमवारी, १६ जूनला, डाऊ जोन्स हा शेअर निर्देशांक जवळपास ८ टक्के खाली आला. दुसऱ्याच दिवशी सही झाली.

स्मूट-हॉलीमुळेच १९२९ ची पडझड झाली असं आजही ठासून सांगितलं जातं. बहुतेक अर्थशास्त्रज्ञांना ते मान्य नाही. कर्जावर फुगलेला बाजार आणि पाठोपाठ बुडालेल्या बँका ही कारणं जास्त मोठी. शुल्काने दुखणं वाढवलं, एवढं म्हणता येईल. कॅनडासह अनेक देशांनी उलट शुल्क लावलं. शिवाय बरीचशी शुल्कं टक्केवारीत नव्हती, नगाला किंवा वजनाला इतके सेंट अशी ठरलेली होती. मालाचे भाव पडत गेले तसा त्यांचा बोजा आपोआप चढत गेला.

या काळातली एक गोष्ट पुढच्यांनी विसरू नये अशी आहे. नोव्हेंबर १९२९ च्या तळापासून एप्रिल १९३० पर्यंत डाऊ १९८ वरून २९४ वर गेला होता. जवळजवळ ४८ टक्क्यांची उसळी. पडझडीत खरेदी करणारे तेव्हाही होते आणि पाच महिने तेच शहाणे ठरले होते. जुलै १९३२ मध्ये डाऊ ४१ वर होता. सप्टेंबर १९२९ ची पातळी त्याने पुन्हा गाठली ती नोव्हेंबर १९५४ मध्ये.

स्मूट-हॉलीने हात पोळल्यावर काँग्रेसने शुल्काची सूत्रं हळूहळू सोडून दिली. १९३४ च्या कायद्याने इतर देशांशी करार करून शुल्क कमी करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना मिळाला. १९६२ च्या कायद्यातल्या कलम २३२ ने राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली शुल्क लावता येऊ लागलं. १९७४ च्या कायद्यातलं कलम ३०१ हे अन्याय्य व्यापाराविरुद्धचं हत्यार ठरलं. १९७७ मध्ये आणीबाणीतल्या आर्थिक अधिकारांचा कायदा आला. त्यात टॅरिफ हा शब्दही नव्हता, पण २०२५ ची बरीचशी शुल्कं त्याच्याच आधारावर लावली गेली. हेतू होता स्थानिक दबावापासून व्यापार सोडवण्याचा. पण जो अधिकार शुल्क उतरवण्यासाठी एका हातात दिला, तोच चढवण्यासाठीही वापरता येतो, आणि तोही रातोरात. गुंतवणूकदाराच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. १९३० चं शुल्क वर्षभर येताना दिसत होतं, आणि एकदा आल्यावर हटवणं तितकंच कठीण होतं. आताचं शुल्क रविवारी येतं आणि बुधवारी जातं.

या नव्या तऱ्हेची पहिली चुणूक १९७१ मध्ये दिसली. १५ ऑगस्टला, रविवारी रात्री, रिचर्ड निक्सन यांनी टीव्हीवर येऊन डॉलरचं सोन्याशी असलेलं नातं तोडलं, मजुरी आणि किमती ९० दिवसांसाठी गोठवल्या आणि आयातीवर १० टक्के अधिभार लावला. सोमवारी बाजार पडायला हवा होता. उलट विक्रमी उलाढालीत डाऊ ३२.९३ अंकांनी, म्हणजे जवळपास ३.९ टक्क्यांनी चढला. सरकार अखेर काहीतरी करतंय, हेच लोकांना जास्त महत्त्वाचं वाटलं. डिसेंबरमध्ये चलनांच्या दरांबाबत तडजोड झाल्यावर अधिभार निघूनही गेला. तेव्हा टॅरिफ म्हटलं की पडझड, हा काही निसर्गनियम नव्हे.

मधल्या काळात बाजारातला सामान्य माणूसच बदलला. १ मे १९७५ पासून दलालीचे ठरावीक दर गेले आणि सवलतीत काम करणारे दलाल आले. पुढच्या वर्षी व्हॅनगार्ड या कंपनीचा इंडेक्स फंड, म्हणजे निवड न करता निर्देशांकातले शेअर घेणारा फंड, सुरू झाला. १९७८ च्या करकायद्यातल्या ४०१(के) या कलमातून पगारातून कापून थेट गुंतवणूक होणारी निवृत्तिखाती निघाली. फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेच्या पाहणीनुसार २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे ५८ टक्के कुटुंबांचा पैसा या ना त्या मार्गाने शेअरमध्ये होता. यातल्या बहुतेकांच्या खात्यात दर पगाराला खरेदी होते, मग बाजार वर असो की खाली. ‘घसरणीतही सामान्य गुंतवणूकदार डगमगला नाही’ अशी बातमी वाचताना हे ध्यानात असावं. त्यातल्या कित्येकांनी खातं उघडूनही पाहिलेलं नसतं.

१९ ऑक्टोबर १९८७ ला डाऊ एका दिवसात २२.६ टक्के पडला. ही टॅरिफची पडझड नव्हती, पण पाचच दिवसांपूर्वी आलेले व्यापारतुटीचे आकडे तिच्या आधीच्या घबराटीत होते. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट शिलर यांनी त्याच आठवड्यात हजारो गुंतवणूकदारांना टपालाने प्रश्नावली पाठवली. कोणत्या बातमीमुळे विकलंत, या प्रश्नाच्या उत्तरात कोणतीही एक बातमी ठळकपणे पुढे आली नाही. भाव पडताहेत, हीच लोकांच्या लेखी सगळ्यात मोठी बातमी होती. टॅरिफच्या दिवसांबद्दल बोलतानाही मला ही पाहणी आठवते. व्हिएतनामवर ४६ टक्के म्हणजे नेमकं कोणत्या कंपनीचं किती नुकसान, हा हिशेब किती जणांनी केला असेल? बहुतेकांनी पडद्यावरचा लाल आकडा पाहिला.

डॅनिएल काह्‌नेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं की तेवढ्याच रकमेच्या फायद्याच्या सुखापेक्षा तोट्याचं दुःख बरंच मोठं असतं. त्याला जोडून बेनार्त्झी आणि थेलर या अभ्यासकांनी १९९५ मध्ये दाखवलं की जो वारंवार खातं बघतो त्याला तोटेही वारंवार दिसतात आणि तो जोखमीपासून पळतो. आणि बार्बर-ओडीन या संशोधकांच्या जोडीने १९९१ ते १९९६ मधली ६६,४६५ कुटुंबांची खाती तपासली, तेव्हा सर्वाधिक उलाढाल करणाऱ्यांना वर्षाला ११.४ टक्के मिळाले होते, बाजाराने १७.९ टक्के दिले होते. ही सगळी संशोधनं मोबाइलवर भाव दिसू लागण्याच्या आधीची आहेत.

ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत टॅरिफ हा बाजाराचा रोजचा विषय झाला. १ मार्च २०१८ ला पोलादावर २५ आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के शुल्काची घोषणा झाली आणि डाऊ ४२० अंकांनी पडला. २२ मार्चला चीनविरुद्धच्या आदेशानंतर ७२४ अंक गेले. डिसेंबरच्या सुरुवातीला चीनशी तात्पुरता समेट झाला म्हणून बाजार वर गेला. लगेच ४ तारखेला ट्रम्प यांनी ‘मी टॅरिफ मॅन आहे’ असं ट्वीट केलं आणि डाऊ ७९९ अंक खाली. वर्षाअखेर एस अँड पी सहा टक्क्यांहून जास्त तोट्यात होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा दोन मोठे धक्के बसले, आणि तरीही ते वर्ष संपलं तेव्हा निर्देशांक जवळपास २९ टक्के वर होता. जानेवारी २०२० मध्ये चीनशी पहिल्या टप्प्याचा करार झाला. ज्यांनी प्रत्येक ट्वीटला विकलं त्यांनी नुसती धावपळ केली. धमकी, घसरण, माघार, उसळी हा क्रम लोकांच्या अंगवळणी पडला तो इथे.

त्यात भर पडली दोन गोष्टींची. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या ऑनलाइन दलालांनी दलाली शून्यावर आणली. मग कोविडच्या घसरणीत एस अँड पी महिनाभरात ३४ टक्के पडला आणि ऑगस्टपर्यंत पूर्ण सावरला. घरी अडकलेल्या लाखो तरुणांनी पहिलं खातं नेमकं त्या काळात उघडलं. बाजार म्हणजे पडतो आणि उठतो, हे त्यांचं बाळकडू. २५ वर्षं थांबावं लागण्याची गोष्ट त्यांच्या आज्या-पणज्यांची होती.

म्हणून एप्रिल २०२५ कडे पाहताना एक विसंगती दिसते. अमेरिकन असोसिएशन ऑफ इंडिव्हिज्युअल इन्व्हेस्टर्सच्या साप्ताहिक पाहणीत त्या आठवड्यात ६१.९ टक्के सदस्य बाजार पडणार म्हणत होते. १९८७ पासूनच्या पाहणीत इतकी निराशा फार क्वचित नोंदली गेली आहे. आणि ३ तारखेची खरेदी विक्रमी. दोन्ही खरं आहे, कारण सामान्य गुंतवणूकदार म्हणून कोणी एक माणूस नाहीच. निवृत्तीला आलेला माणूस आणि कोविडमध्ये खातं उघडलेला तरुण एकाच बातमीकडे दोन टोकांवरून पाहतात.

७ एप्रिलच्या सोमवारी सकाळी तर बाजाराचा पोरखेळ झाला. आशियात हाँगकाँगचा हँगसेंग १३ टक्के कोसळला होता. न्यूयॉर्कमध्ये ४.७ टक्के खाली गेलेला एस अँड पी अचानक ३.४ टक्के वर उडाला, कारण शुल्काला ९० दिवसांची स्थगिती मिळणार असं एक वाक्य समाजमाध्यमांवर पसरलं. काही मिनिटांत व्हाइट हाउसने ते खोटं ठरवलं आणि बाजार परत खाली. गंमत अशी की दोनच दिवसांनी, ९ एप्रिलला, चीन वगळता बाकीच्या देशांना ९० दिवसांचीच स्थगिती खरोखर मिळाली. त्या सकाळी ट्रम्प यांनी ही खरेदीची फार चांगली वेळ आहे असं लिहिलं होतं. दुपारी घोषणा झाली आणि एस अँड पी ९.५ टक्के चढला, ऑक्टोबर २००८ नंतरची एका दिवसातली सर्वांत मोठी वाढ. आदल्या दिवशी विकून बसलेल्याने ती एका दुपारीत गमावली. माघारीमागे सरकारी रोख्यांच्या बाजारातली अस्वस्थता होती, शेअरवाल्यांची आरडाओरड नव्हे, असं मानायला जागा आहे. दहा वर्षांच्या रोख्यांचा परतावा काही दिवसांत चार टक्क्यांच्या आतून साडेचारच्या आसपास गेला होता, म्हणजेच रोखे विकले जाऊन त्यांचे भाव पडत होते.

२७ जूनला निर्देशांकाने नवा उच्चांक गाठला. तोवर ‘टाको’ हा शब्द रूढ झाला होता. ट्रम्प शेवटी कचरतातच, अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याची ही आद्याक्षरं, फायनान्शियल टाइम्सच्या एका स्तंभलेखकाने जुळवलेली. लांडग्याच्या गोष्टीत गावकरी धावून जायचे थांबतात, इथे ते धावत जाऊन शेअर घेऊ लागले. याचा एक परिणाम विचित्र आहे. घसरण थोडक्यात थांबते, म्हणून माघार घ्यायचं दडपणही कमी होतं. शुल्कं सगळी गेली नाहीतच, किमान १० टक्के आणि त्याहून चढे दर बऱ्याच देशांवर राहिले, आणि बाजार मात्र उच्चांकावर.

१० ऑक्टोबर २०२५, शुक्रवार. चीनच्या मालावर आणखी १०० टक्के शुल्काची धमकी आली आणि एस अँड पी २.७ टक्के पडला. रविवारी ट्रम्प यांनी लिहिलं की चीनची काळजी करू नका, सगळं ठीक होईल. सोमवारी निर्देशांक दीड टक्क्याहून जास्त वर होता.