‘३+’ म्हणजे तीन वर्षांच्या मुलांसाठी? नाही!

उन्हाळ्यात नागपूरचा पारा ४५ कडे सरकला की दुपारी मुलं घरात आणि मोबाईल हातात. मग पालकांच्या ग्रुपवर सल्ला फिरतो: “प्ले स्टोअरवर ३+ लिहिलंय ना, मग लहानांसाठीच आहे, शिकतीलही.” हा समज चुकीचा आहे.

तो आकडा फक्त मजकुराबद्दल असतो: हिंसा, शिवीगाळ, भीतीदायक दृश्यं, जुगार वगैरे. गेम बनवणाराच प्रश्नावली भरतो आणि त्यावरून वयोगट ठरतो. गेम किती अवघड आहे, त्यातून काही शिकता येतं का, हे त्यात मोजलंच जात नाही. बुद्धिबळाचंच बघा. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये ज्या खेळात महिला विश्वचषक जिंकला, त्याच्या बऱ्याच ॲपवरही ३+ दिसतो. तीन वर्षांच्या पोराला घोड्याची अडीच घरं कळतील का?

धरमपेठेत ताईकडे चार वर्षांचा भाचा ३+ चा फुगे फोडायचा गेम खेळत होता. दर डावानंतर जाहिरात. बंद करायची फुली कोपऱ्यात, तिळाएवढी. त्याचं बोट दर वेळी जाहिरातीवरच पडायचं. मला फार वाईट वाटलं.

म्हणून ॲपच्या नावाखालची ‘जाहिराती आहेत’, ‘ॲपमधील खरेदी’ ही बारीक ओळ वाचा. आधी स्वतः दहा मिनिटं खेळून पाहा. सुरुवातीला जीकॉम्प्री (GCompris) हे शैक्षणिक खेळांचं ॲप घ्या: २ ते १० वर्षांसाठी, मोफत, जाहिरातींशिवाय. आकडेमोड, अक्षरं, कोडी सगळं आहे. आणि पहिले काही दिवस शेजारी बसा.