भोंगा थांबला, पेठ नव्हे

‘गिरण्या बंद पडल्या आणि सोलापूरची पेठ संपली’ हे वाक्य आमच्याकडे इतकी वर्षे ऐकू येते की ते पडताळून पाहावे असे कोणालाच वाटत नाही. १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल १९६० च्या दशकातच कायमची थांबली आणि त्याने असंख्य घरे होरपळली, हे खरेच आहे. मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षे नवी पेठ आणि चाटी गल्ली गजबजलेल्याच होत्या, कारण पूर्व भागातील यंत्रमागांवरची मजुरी याच बाजारात खर्च होत होती. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादरसुद्धा गिरणीची नव्हे, याच मागांवरची.

पेठेचे आजचे दुखणे वेगळे आहे. वस्ती जुळे सोलापूर, विजापूर रोडकडे सरकली आणि गिऱ्हाइकाला गाडी लावायला जागा उरली नाही. परवा नवी पेठेत दुकानदार चादरीची घडी उलगडत असताना माझे निम्मे लक्ष रस्त्यावर अर्धवट लावलेल्या दुचाकीकडेच होते. संक्रांतीच्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, लोटणारी गर्दी पाहिली की माणसांना गावात यायचेच नाही, हे मला पटत नाही. त्यांना आधी गाडीतळ आणि चालण्याजोगा पदपथ हवा आहे.