गोडं पाणी मिळेल, पण खारं टाकायचं कुठं?

दर्यापूरकडच्या घरात विहिरीच्या पाण्यावर तुरीची डाळ चढवा. तासभर उकळूनही ती टणकच राहते. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतला पूर्णाकाठचा हा खारपाणपट्टा. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, तरी जमिनीखालचं पाणी खारं.

कॅनरी बेटांवर अशाच मचूळ भूजलातलं मीठ काढून शेती भिजवतात. मग इथं का नको? प्रश्न रास्त आहे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, मचूळ पाण्यात साधारण 1 ते 10. आरओ म्हणजे दाबानं पाणी बारीक पडद्यातून ढकलून क्षार मागे ठेवणारं यंत्र. क्षार कमी, तेवढा त्याच्या पडद्यावर दाब कमी आणि वीजही कमी.

पण नुसतं टीडीएस मीटर बुडवून पाण्याची पारख होत नाही. तो आकडा क्षार किती ते सांगतो, कोणते ते नाही. आपल्या काळ्या मातीला खरा धोका सोडियमचा. सोडियम वाढलं की चिकणमातीचे कण फुगून सुटे होतात, भेगा-छिद्रं बुजतात, पाणी वरच साचतं. त्यात आरओ कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त अडवतो, सोडियम थोडं निसटू देतो. म्हणजे टीडीएस उतरला तरी उरलेल्या क्षारांत सोडियमचा वाटा वाढलेला असू शकतो. अशा पाण्याला कॅल्शियम पुरवणाऱ्या जिप्समची जोड लागते. म्हणून तपासणीत सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट आणि बोरॉन वेगवेगळे मोजून घ्यावेत, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा.

आता मिठाचा हिशेब. एका एकराला एक इंच पाणी म्हणजे सुमारे 1 लाख 3 हजार लिटर. विहिरीचा टीडीएस 3,000, म्हणजे लिटरमागे 3 ग्रॅम क्षार, आणि उपशातलं पाऊण पाणी गोडं होतं असं धरू. तेवढ्यासाठी 1 लाख 37 हजार लिटर उपसावं लागेल, आणि मागे 34 हजार लिटर चौपट खारं पाणी उरेल. त्यात जवळजवळ 400 किलो क्षार, म्हणजे 50 किलोची आठ पोती. एका एकराच्या एकाच पाळीला!

बेटाला ते पाणी सोडायला समुद्र तरी आहे. इथं नाल्यात सोडलं तर ते पूर्णेत जाईल, नाहीतर खालच्या शेतात मुरेल. त्यामुळे पिण्यासाठी आरओ ठीक, पण ओलितासाठी मला तो परवडणारा वाटत नाही. त्यापेक्षा शेततळ्यात साठवलेलं पावसाचं पाणी दोन वाटे आणि विहिरीचं एक वाटा मिसळलं, तर 3,000 चा टीडीएस हजाराच्या आसपास येतो आणि मागे खारं पाणी उरत नाही. सोडियमवर मात्र तेव्हाही नजर हवीच.