स्पीड टेस्टला 100, मग फाइल का रांगते?

"स्पीड टेस्टला 100 एमबीपीएस येतात ना? मग लाइन ठणठणीत. दोष समोरच्याचा." बडोद्यात हे वर्षानुवर्षं ऐकू येतं आणि शेवटी बिचारा राउटर बदलला जातो.

स्पीड टेस्ट जवळचा सर्व्हर निवडते, तो अनेकदा तुमच्याच इंटरनेट कंपनीच्या नेटवर्कात असतो. म्हणजे मोजला जातो तो घरापासून कंपनीपर्यंतचाच रस्ता. दांडिया बाजारात काकांकडे एक कंपनी आणि मांजलपूरला पुतण्याकडे दुसरी असेल, तर लग्नाचा व्हिडिओ दोन्ही नेटवर्कं जिथे जोडली आहेत तिथून जातो. तो सांधा गावातच असेल असं नाही. मुंबईचा वळसाही पडू शकतो. संध्याकाळी त्या सांध्यावर गर्दी झाली की दोन्हीकडचे 100 कागदावरच.

काही जुन्या प्रोग्रॅमची तऱ्हा आणखी निराळी. 64 किलोबाइट पाठवून पोच येईपर्यंत ते थांबतात. जाऊन-येऊन 40 मिलिसेकंद लागत असतील, तर साधारण 13 एमबीपीएसच्या पुढे सरकत नाहीत, लाइन कितीही मोठी घ्या.

तेव्हा टेस्टमध्ये हाताने समोरच्या कंपनीचा सर्व्हर निवडा. काका पाठवणार असतील तर त्यांचा अपलोड बघा. डाउनलोडचा आकडा इथे कामाचा नाही. तीच फाइल पहाटे पाठवून पाहा. पहाटे पळते, रात्री रांगते? मग राउटरला हात लावू नका. तक्रारीत नुसतं "नेट स्लो" लिहिलंत तर "बंद करून चालू करा" हेच उत्तर येणार. वेळ लिहा आणि दोन्ही घरांतून काढलेले ट्रेसरूट (डेटा कुठकुठून जातो ते दाखवणारी यादी) जोडा, कारण जायची वाट आणि यायची वाट एकच असते असं नाही.