टेस्टोस्टेरॉनची तपासणी: सकाळीच का या म्हणतो

"ऑफिस सुटल्यावर सहाला आलो तर चालेल का?" हा फोन आम्हाला रोज येतो. थायरॉईडला चालतं, तीन महिन्यांच्या शुगरलाही चालतं. टेस्टोस्टेरॉनला नाही. काउंटरवरून परत पाठवलं की काहींना राग येतो, म्हणून हे लिहून ठेवतोय.

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन पहाटे-सकाळी सर्वात जास्त असतं आणि दिवस चढेल तसं उतरत जातं. तरुणांमध्ये हा उतार मोठा, वयस्कांमध्ये कमी. खाल्ल्यावरही आकडा खाली येतो. त्यामुळे सॅम्पल सकाळी सात ते दहाच्या दरम्यान आणि उपाशीपोटी द्यायचं. पाणी प्या. चहा आणि मिसळ सॅम्पल झाल्यावर.

लॅब नवी होती तेव्हा आम्हीही संध्याकाळी सॅम्पल घ्यायचो. फौंड्रीत काम करणारे एक पस्तिशीचे गृहस्थ काम सुटल्यावर, वडापाव खाऊन आले. रिपोर्ट आला २४१, म्हणजे कमी. आठवडाभर त्यांना झोप नाही, बायकोला काही सांगितलं नाही, जिममधल्या कुणी तरी इंजेक्शन सुचवलं. डॉक्टरांनी सकाळी उपाशीपोटी पुन्हा करायला सांगितलं, तेव्हा ३९० च्या आसपास आला. त्या दिवसापासून संध्याकाळचं सॅम्पल बंद. धंदा थोडा जातो, जाऊ दे.

नाईट शिफ्टवाल्यांनी येण्याआधी फोन करावा. तुमची 'सकाळ' झोपेवर ठरते, घड्याळावर नाही.

एका रिपोर्टवर निदान होत नाही. आकडा कमी आला तर दुसऱ्या एखाद्या सकाळी पुन्हा करावा लागतो, शक्यतो त्याच लॅबमध्ये, कारण मशीन आणि पद्धत बदलली की आकडाही थोडा हलतो. (हो, हे आमच्या सोयीचंही आहे. पण खरंही आहे.) अमेरिकेतल्या युरॉलॉजी तज्ज्ञांची संघटना ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली 'कमी' मानते, तेही दोन वेळा सकाळी कमी येऊन सोबत लक्षणं असली तरच. लक्षणं म्हणजे कामेच्छा कमी होणं, पहाटेचा ताठरपणा जाणं. नुसता थकवा असेल तर आधी झोप, हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि शुगर बघा.

रिपोर्टवरचं एककही वाचा. ३.२ बघून घाबरलेले लोक येतात. ते नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असतं, म्हणजे आपल्या नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या हिशेबात ३२०. नॅनोमोल प्रति लिटरमध्ये तेच साधारण ११.

'फ्री टेस्टोस्टेरॉन' सगळ्यांना लागत नाही. रक्तातलं बहुतेक टेस्टोस्टेरॉन प्रथिनांना चिकटलेलं असतं, मोकळं फक्त दोन टक्क्यांच्या आसपास. जाड माणसात आणि डायबेटिसमध्ये एसएचबीजी हे प्रथिन कमी असतं, त्यामुळे टोटल (चिकटलेलं आणि मोकळं मिळून) आकडा कमी दिसतो आणि मोकळा भाग ठीक असू शकतो. उतारवयात उलटं होतं. असं काही असेल किंवा आकडा सीमेवर असेल तर डॉक्टर ती तपासणी लिहून देतात. दोन्ही वेळा कमी आल्यास एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन ही पिट्युटरी ग्रंथीची हार्मोन्स बघतात: एलएच वाढलेला असेल तर दोष वृषणात, कमी किंवा नॉर्मल असेल तर वर, मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीकडे बघावं लागतं. मोठं पॅकेज पहिल्याच दिवशी आम्ही गळ्यात मारत नाही.

तालमीतल्या आणि जिममधल्या पोरांनो, इंजेक्शन किंवा गोळ्या घेत असाल तर आम्हाला नाही तरी डॉक्टरांना सांगा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं आणि शुक्राणूही घटतात. लग्न ठरलेल्यांनी हे दोनदा वाचावं. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर तेही सांगा, काही मशीनवर आकडा खोटा वाढतो. ताप किंवा डेंग्यू होऊन गेला असेल तर बरं होऊन काही आठवडे जाऊ द्या.

लॅब रविवारीही सकाळी साडेसहाला उघडते. शहरात घरी येऊन सॅम्पल नेतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. फक्त आदल्या रात्री नऊच्या आत फोन करा. रिपोर्टवर सॅम्पल घेतल्याची वेळ छापलेली असते. डॉक्टरांना आकड्याआधी ती दाखवा.